दोन बोटांची तपासणी

(बफेलो, जानेवारी १९३१. पोलिश वस्तीतलं एक गॅरेज.)

टेक्ला : ब्रोन्यामावशींच्या गाडीच्या मडगार्डवर बसून उठले, लुद्विककाका. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. ही चारदा हेलकावली.

लुद्विक : स्प्रिंगचा पाटा तुटला असेल.

टेक्ला : पाटे शाबूत आहेत. मागचा उजवा शॉकअप मेलाय.

लुद्विक : गेल्या मंगळवारी माझ्या हातानं तपासलाय. नंतर तेल गळलं असेल.

टेक्ला : बूच काढून पाहिलं. तेल काठोकाठ आहे. झडप झिजलीय, आणि सहा दिवसांत एवढी झिजत नाही.

लुद्विक : कालपर्यंत फ्रॉकला ग्रीस पुसत फिरायचीस, आज मला झडपा शिकव! एवढ्या बर्फात गाडी घसरणार नाही तर काय?

टेक्ला : ट्रामच्या रुळांवर मागची बाजू उडाली, मग घसरली. ब्रोन्यामावशी खांबावर गेल्या. अर्ध्या वस्तीची बाळंतपणं केली त्यांनी, आणि आता खुबा मोडून पडल्यात.

लुद्विक : ऐकलंय मी.

टेक्ला : तुम्ही मडगार्ड दाबून पाहिलं नव्हतं?

लुद्विक : ते शिकाऊ लोकांचं काम. मी शॉकअप बाकावर बांधतो आणि दांडा दोन बोटांनी ओढतो. पंधरा वर्षं.

टेक्ला : मग ओढा. हे दोन बांधून ठेवलेत. एक नवा, एक मावशींच्या गाडीतला. डोळे मिटून सांगा, मेलेला कुठला.

लुद्विक : तुझ्या बापानं कधी माझी परीक्षा घेतली नाही.

टेक्ला : गॅरेज माझ्यावर टाकून बाबा गेले नसते, तर मला घ्यावी लागली नसती.

लुद्विक : बरं, मिटले डोळे. हा... आणि हा. डावा मेलाय.

टेक्ला : पुन्हा ओढा.

लुद्विक : डावाच. परतताना पोकळ जातोय.

टेक्ला : डोळे उघडा, काका. डावा नवा आहे.

लुद्विक : बोटांना काही लागतच नाही.

टेक्ला : कधीपासून?

लुद्विक : नोव्हेंबर. आधी करंगळी गेली, मग सगळीच. शर्टाची बटणं बायको लावते, हेलेना.

टेक्ला : आणि तपासत कसे होतात?

लुद्विक : गाडी किती जुनी, मालक कसा हाकतो, ते बघून सांगायचो. बहुतेकदा बरोबर यायचं.

टेक्ला : बहुतेकदा!

लुद्विक : तू मला बाकावरून उठवलं असतंस.

टेक्ला : दुसरं काम दिलं असतं.

लुद्विक : मला दुसरं काय येतं?

टेक्ला : किती गाड्या सोडल्यात अशा?

लुद्विक : चाळीसेक.

टेक्ला : त्यातल्या वाईट कुठल्या?

लुद्विक : तेच तर सांगता येत नाही, पोरी.

टेक्ला : मग सगळ्याच परत बोलवू. एकेकीच्या मडगार्डवर बसते मी. सांगा, पहिला फोन कुणाला करू?

लुद्विक : शाळेला. त्यांची बस शुक्रवारी सोडलीय मी. म्हणावं, मुलं चढायच्या आत थांबवा.

टेक्ला : सोमवारचे सव्वाआठ वाजलेत, काका. मुलं आठलाच चढतात.