डाव्या हाताची गाठ

जबाब
दिनांक २१ जुलै २०२५, सोमवार, सकाळी ११.२०

नाव नंदा सीताराम मांडवकर, वय ५३ वर्षे, धंदा घरकाम, तसेच घरी रिमोटच्या ट्रकची दुरुस्ती, शिक्षण दहावी पास, राहणार खोली नंबर ६, दत्तकृपा चाळ, मोहने, कल्याण पश्चिम.

मला कोणी बोलावलेलं नाही. मी आपणहून पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगते की, दिनांक १९ फेब्रुवारी २०२४ रोजी नदीच्या बंधाऱ्याजवळ मिळालेलं प्रेत माझे पती सीताराम यांचं आहे, अशी ओळख मी देऊन याच पोलीस ठाण्याच्या कागदांवर सही केली होती. ती ओळख चुकीची होती. ते माझे पती नव्हते. माझे पती हयात आहेत. गेल्या गुरुवारी मी त्यांना ठाणे शहरात पाहिलं. ही चूक कशी झाली ते विचारल्यावरून क्रमाने सांगते.

माझे पती मोहन्याच्या कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद झाल्यावर मिळेल ते काम करत. गेली नऊ वर्षं ते घरीच रिमोटवर चालणारे ट्रक दुरुस्त करत होते. हे ट्रक जत्रेत मिळतात तसले नसतात. हातभर लांब, आत खऱ्या गाडीसारखे गिअर, शाफ्ट, स्प्रिंगा, सगळे भाग सुटे होणारे. डोंबिवली-ठाण्याकडची नोकरदार मंडळी सुट्टीच्या दिवशी ते नदीकाठच्या दगडांवर चढवतात आणि मोडून आणतात. माझे पती मोडलेलं जुळवायचे आणि वर आपलं काहीतरी घालायचे. चढावर पुढची चाकं उचलली जाऊ नयेत म्हणून टायरच्या आत शिशाच्या पट्ट्या. रिमोटचा इशारा पकडणारी एक डबी आत असते, तिला पाणी लागू नये म्हणून ती फुग्यात घालून फुग्याचं तोंड बांधायचे.

लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. वहीत प्रत्येक ट्रकचं पान वेगळं. कोणाचा, काय मोडलं, कोणत्या गिअरचा दात झिजला, ग्रीस कोणत्या तारखेला दिलं. त्यांना लिहायचा कंटाळा आणि मला वही ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

आतल्या तारा एकत्र बांधायला बाजारात प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात. त्या एकदा कापल्या की वाया जातात. म्हणून मी त्यांना दोऱ्याची गाठ शिकवली. गजरा करताना सुई न घेता बोटांवर दोरा फिरवून फुलं बांधतात, ती. दोऱ्याला आधी मेणबत्ती घासायची. माझे पती डावखुरे आहेत. मी समोर बसून शिकवलं आणि ते आरशात बघितल्यासारखं शिकले. त्यामुळे माझ्या गाठीचा पीळ उजवीकडे बसतो आणि त्यांच्या गाठीचा डावीकडे. फुग्याच्या तोंडालाही ते हीच गाठ मारत. ते म्हणायचे, "तुझी गाठ देवाची, माझी भुताची." हे गमतीत म्हटलेलं होतं.

घरात भांडण होतं का असं तेव्हाही विचारलं होतं आणि आजही विचारलं. भांडण झालं नाही. आम्हाला मूलबाळ नाही. लग्नाला तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. शुक्रवार दिनांक २ फेब्रुवारी २०२४ रोजी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मला सात वाट्यांचा मसाल्याचा डबा हवा होता. डबा मूळचा माझाच, परंतु त्यात त्यांनी सात मापांचे बारीक स्क्रू निवडून ठेवले होते. मी गुरुवारी ते सगळे स्क्रू एका पत्र्याच्या डब्यात ओतले आणि वाट्या घासून घेतल्या. त्यांनी पाहिलं. शनिवारी सकाळपासून दिवे लागेपर्यंत जमिनीवर पंचा पसरून ते स्क्रू वेगळे करत बसले होते. मी हळदीकुंकवाची उरलेली डाळ-उसळ वाढली, ती जेवले. सगळे स्क्रू सात कागदी पुड्यांत बांधून प्रत्येक पुडीवर माप लिहिलं. अक्षर त्यांचं. ते कधी लिहीत नाहीत.

रविवारी ४ फेब्रुवारीला दुपारी चार वाजता ते आपला स्वतःचा ट्रक कापडी पिशवीत घेऊन निघाले. "बंधाऱ्यावर चढवून बघतो" एवढंच म्हणाले. दिवाबत्तीच्या वेळेस माझ्या लक्षात आलं, रिमोट खिळ्यालाच लटकत होता. रिमोटशिवाय ट्रक चालत नाही. मला वाटलं विसरले, परत येतील. हे मी मिसिंगची तक्रार देताना सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवस मी रोज दुपारी तो रिमोट घेऊन नदीकाठाने जात होते. ट्रक चालू असेल आणि हाकेच्या अंतरावर असेल तर रिमोटचा चाप दाबल्यावर चाकांचा आवाज येतो. बॅटरी दोन तासांत उतरते हे मला माहीत होतं, माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. तरी मी चाप दाबून उभी राहत असे. कपडे धुणाऱ्या एका बाईने विचारलं, काय हरवलंय. मी सांगितलं, गाडी.

१९ तारखेला प्रेत मिळालं. सरकारी रुग्णालयात ओळखीसाठी माझ्याबरोबर माझे थोरले दीर चांगदेव मांडवकर, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते होते. प्रेत बरेच दिवस पाण्यात होतं. अण्णा आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, तोंड बघण्यासारखं नाही, तू जाऊ नकोस, उंची तेवढीच आहे. मी चेहरा पाहिला नाही. मला शर्ट दाखवला. करड्या चौकड्यांचा, कॉलर उलटवलेली. शर्टाची कॉलर घासून विरली की मी ती उसवते, उलटी करते आणि पुन्हा शिवते, शर्ट अजून दोन वर्षं जातो. त्या वेळी करडा दोरा संपला होता म्हणून मी निळा वापरला होता. समोरच्या कॉलरला निळा दोरा होता आणि टाके माझे होते. आपले टाके आपल्याला कळतात. मी सही केली.

अंत्यविधी त्याच दिवशी झाला. अग्नी आणि पुढचं सगळं अण्णांचा मुलगा संदेश याने केलं. अस्थी नाशिकला सोडल्या. मंगळसूत्र मी अण्णांच्या घरी उतरवलं.

त्यानंतर दुरुस्तीला आलेले चार ट्रक घरात पडून होते. मालक येऊन विचारू लागले. मी वही उघडून, पुड्यांवरची मापं बघून ते जुळवले. नंतर आणखी आले. तेव्हापासून हे काम मी करते.

गणपतीच्या आधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या आवडाबाई चाळीत आल्या होत्या. त्यांना हकीकत माहीत नव्हती. मी त्यांच्यासमोर माझ्या पतींचे कपडे ठेवले. त्या म्हणाल्या, "वहिनी, उलट्या कॉलरचा नाही ना यात? मागल्या दिवाळीला तो गळ्यात मारलात, अन् वर पातेल्यासाठी भांडलात." मला ते भांडण आठवलं. करडा शर्ट मी त्यांच्या हयातीत, म्हणजे ते घरात असताना, ऑक्टोबर २०२३ मध्येच, दिवाळीच्या साफसफाईत, देऊन टाकला होता. पातेलं रोज वापरात आहे.

हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, त्या कापडाचे दोन शर्ट शिवले होते, तुझा घोळ होतोय. दोन होते हे खरं आहे. दुसऱ्याची कॉलर मी उलटवली होती की नव्हती ते मला शपथेवर सांगता आलं नसतं. म्हणून मी तेव्हा इथे आले नाही. त्या पितृपक्षात पान वाढलं ते माझ्या पतींच्या नावाने. वाढताना कोणाला वाढते आहे ते मला कळत नव्हतं.

या महिन्यात ५ तारखेला रत्नदीप नावाचे गृहस्थ, वय अंदाजे तीस, राहणार डोंबिवली, यांनी एक ट्रक आणून दिला. चाकं वळताना अडकत होती. हा ट्रक त्यांनी यंदाच्या गुढीपाडव्याला नवा कोरा, सीलबंद खोक्यात घेतला होता. त्याची पावती त्यांच्याकडे आहे. मी वरचं झाकण काढलं. आत डबी फुग्यात होती. फुग्याच्या तोंडाला मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ होती आणि पीळ डावीकडे होता. तारांनाही तीच. टायर दाबून पाहिले, पुढच्या दोन्हींत शिसं होतं.

मी रत्नदीप यांना विचारलं, हा कोणी उघडला होता. ते म्हणाले, मे महिन्यात ठाण्यातल्या एका दुकानात दिला होता. मी वळण्याचा दोष काढला. गाठ सोडावी लागली. परत बांधताना मी माझी मारली नाही, त्यांच्यासारखी मारण्याचा प्रयत्न केला. ती नीट बसली नाही.

दुकानाचा फोन मिळाल्यावर मी विचारणा केली. दुकानदारांनी सांगितलं की ते काम बाहेर देतात, एक काका गुरुवारी येऊन नेतात आणि पुढच्या गुरुवारी आणून देतात. नाव त्र्यंबक सांगतात, आडनाव सांगत नाहीत, फोन वापरत नाहीत, हात फार साफ आहे. त्र्यंबक हे माझ्या सासऱ्यांचं नाव.

गुरुवार दिनांक १७ जुलै रोजी मी ठाण्याला गेले. दुकानासमोर पिठाची गिरणी आहे, तिच्या बाकावर अकरा वाजल्यापासून बसले होते. बारा वाजून दहा मिनिटांनी माझे पती आले. खोकं डाव्या काखेत होतं. केस पूर्ण पांढरे झाले आहेत. चष्म्याची काडी बदललेली आहे. शर्ट इस्त्रीचा होता. तब्येत बरी वाटली. दुकानदार काहीतरी म्हणाले, त्यावर ते हसले. पंधरा मिनिटांनी दुसरं खोकं घेऊन बाहेर आले आणि रस्ता ओलांडण्यासाठी गिरणीच्या बाजूलाच येऊन उभे राहिले. आमच्यात चार-पाच हातांचं अंतर होतं. गिरणी चालू होती. त्यांनी गिरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं असं म्हणता येणार नाही. मग रिक्षा करून गेले. रिक्षाचा नंबर घेतला नाही.

हाक का मारली नाही असं साहेबांनी विचारलं. माझ्या कपाळाला कुंकू नव्हतं. तशी मी त्यांच्यासमोर उभी राहणं मला बरं वाटलं नाही.

काल रविवारी मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "नंदा, माझ्या पोराने त्याला पाणी दिलंय. आता जिवंत म्हणून आणलंस तर बसवणार कुठे?" मी म्हटलं, मी आणायला निघालेली नाही. त्यांना पत्ता माहीत आहे.

चुकीची ओळख दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते हे साहेबांनी मला समजावून सांगितलं. एवढे दिवस गेले, आता कशाला, असंही म्हणाले. ते माझ्या भल्यासाठीच म्हणाले असावेत. कारवाई होईल ती मला मान्य आहे. माझ्या पतींना शोधून आणावं, अशी माझी विनंती नाही. ते राजीखुशीने गेले आहेत. त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. मृत्यूचा मूळ दाखला मी सोबत आणला आहे, तो जमा करून घ्यावा.

माझी विनंती दुसऱ्या माणसाबाबत आहे. ज्याला आम्ही अग्नी दिला तोही कोणाचा तरी कोणी असेल. त्याचं कोणी आलंही असेल आणि तसं प्रेत आमच्याकडे नाही असं ऐकून परत गेलं असेल, कारण ते प्रेत मी नेलं होतं. आवडाबाई जुने कपडे कल्याणच्या बाजारात एका शिवणवाल्याला देतात, तो ते धुऊन फेरीवाल्यांना विकतो. तिथे घाऊक बाजारातले हमाल कपडे घेतात. आवडाबाई ती जागा दाखवायला तयार आहेत, त्यांचा पत्ता वेगळा लिहून दिला आहे. प्रेताचे फोटो कागदपत्रांत असतील तर ते पुन्हा लावावेत.

त्याचं कोणी सापडलं तर त्यांना सांगावं, की त्याला बेवारस जाळलं नाही. नवं कापड घातलं होतं. तुळशीचं पान, गंगाजल, सगळं दिलं. दहावा, बारावा, तेरावा झाला. वर्षश्राद्धही झालं. फक्त नाव दुसऱ्याचं घेतलं गेलं. गुरुजींना मी काल विचारलं, ते म्हणाले, नाव कळलं तर पुन्हा करता येईल. त्यासाठी त्यांनी माझ्याकडे यावं, मी दिवसभर घरीच असते. नावाशिवाय काही मागणार नाही.

हा जबाब महिला हवालदार मेघनाताई यांनी संगणकावर लिहून घेतला आणि मला दोनदा सावकाश वाचून दाखवला. वाचताना 'मयत' हा शब्द माझ्या पतींच्या नावामागे तीन ठिकाणी आला होता, तो माझ्या सांगण्यावरून काढण्यात आला. उरलेला मजकूर मी सांगितला तसाच आहे, म्हणून खाली सही करते.

नंदा सीताराम मांडवकर