गळका तंबू

डोळ्यांच्या दवाखान्यात औषध घालून आम्हाला डोळे मिटून बसवलं होतं. माझ्या शेजारी सिनेमावाल्यांकडे काम करणारा एक शिंपी आणि त्याची वहिनी बसली होती.

“भावोजी, त्या बाईंनी तुमचा तंबू नापास केला म्हणे?”

“उसवायला लावला. चार दिवस खपून शिवला होता. थेंब आत येईल तर शपथ!”

“आणि माझा उशीचा अभ्रा दोन महिने पडलाय. बरं, खोट कसली काढली?”

“त्यांचा जन्मच शरणार्थी छावणीतल्या तंबूत झालाय, वहिनी. सिनेमा त्याच तंबूवर. दिग्दर्शन त्यांचं, आईचं कामही त्याच करतात. म्हणाल्या, आमचा तंबू गळायचा. स्वतः आत आडव्या झाल्या आणि बोट दाखवलं, इथे भोक पाडा.”

“इतकं आठवतं?”

“नऊ वर्षं त्या भोकाखाली झोपल्या. मी पाडलं, तरी कॅमेरा सुरू करेनात. म्हणाल्या, माझी आई येऊन बघेल, तिला पटलं नाही तर सगळं पुन्हा.”

“बाई गं! आली का आई?”

“आली. काठी टेकत आत शिरली. काठीच्या टोकाने कापड ढोसून पाहिलं. बाई तर दारातच थांबल्या. मला वाटलं, गेली मेहनत पाण्यात.”

“अहो, मग?”

“बाहेर लख्ख ऊन होतं, वहिनी. म्हातारीने वर पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यातलं पातेलं उचललं आणि बरोबर भोकाखाली नेऊन ठेवलं.”