मंगळावरचा राब

शहापूरच्या दवाखान्यात स्नेहलचा नंबर यायला अजून वेळ होता. समोरच्या बाकावर शेणव्याचे गणूबाबा आणि त्यांची बायको पेपरातल्या एका फोटोवर डोकं लावून बसले होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी स्नेहलचे कान काही ऐकेनात.

"कमळे, हा मंगळ हाय. यान त्याच्याभोवती फिरतंय आन वरनं फोटो काढतंय."

"आन हे काळं काय? पेरणीआधी पाला जाळून जमीन भाजतो ना आपण, तसा राब दिसतोय."

"वावटळीचे पट्टे हायेत ते. वरची धूळ उडाली, खालची काळी माती दिसली, असं लिवलंय."

"आपल्याकडं काय कमी वावटळी येतात? कुठं झाली जमीन काळी?"

"अगो, तिथं माणूस नाय, पाणी नाय!"

"पाणी नाय, तरी राब भाजला?"

"कोणी नाय भाजला! माझं डोकं नको फिरवू."

स्नेहलने मान वाकडी करून फोटो पाहिला. आता तिलाही धड काही कळेना.

"अहो, असं यान आपल्यावरनं पण फिरत असंल ना?"

"असंल. त्याचं काय?"

"सगळ्यांची शेतं काळी दिसतील, आपलंच पांढरं. पोरं भिवंडीला गेली म्हणून तुमी यंदा भात लावत नाय ना!"

गणूबाबा बराच वेळ खोकत राहिले.

"आता पाला कोण गोळा करील?"

"तो मी कवाच पसरून ठेवलाय. काडेपेटी तेवढी तुमच्या खिशात हाय."