ओर्फाबाईंचा कप

ओर्फा : काय गं, परवाचा पावही बसलाच ना?

रोडा : बसला कसला, आडवा झाला. तुमच्या लेकानं, लाइलनं, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, बीन्सनंच पोट भरलं. म्हणून हा वजनकाटा घेऊन आलेय.

ओर्फा : माझं सगळं आयुष्य कपावर निघालं.

रोडा : तुमचं निघालं. मी बावीस वर्षं विटा भाजतेय. आणि आता तुमचा खांदा मोडलाय, म्हणजे शनिवारच्या जेवणाचा पाव माझ्याच गळ्यात. आठ तास मासे चिरून आलेय, आई, वाद घालायचं त्राण नाही. तुम्ही नुसतं बसून सांगा. मी ग्रॅम लिहून घेते.

ओर्फा : तुझ्या फोनवर असतील की.

रोडा : आहेत. एक कप मैदा म्हणजे एकशेवीस ग्रॅम. सहा कपांचे सातशेवीस. परवा तसंच मोजून केलं. आधी कप पिठात खुपसून भरायची, तेव्हा तर साडेआठशे जात असणार. जरासा हलका झाला, एवढंच.

ओर्फा : हं.

रोडा : हं काय? बोला की.

ओर्फा : कोठीत जा. पिठाचा डबा उघड.

रोडा : तुमच्या कोठीत? मी? पीठ मोजायच्या वेळी मला नेहमी दोरीवरचे कपडे काढायला पाठवायचात. वाळलेले नसले तरी.

ओर्फा : आज जा.

रोडा : ...आई, डब्यात चहाचा कप आहे. कान तुटलेला.

ओर्फा : माझ्या आईचा. तोच कप.

रोडा : तोच म्हणजे?

ओर्फा : भर. सुरीनं सपाट कर. ठेव काट्यावर.

रोडा : कप वजा करून... एकशेतीन.

ओर्फा : असे सहा.

रोडा : सहाशे अठरा. शंभर ग्रॅम कमी! आई, लग्नात तुम्ही मला कार्ड लिहून दिलंत. सहा कप मैदा, फुलांची वेलबुट्टी काढून.

ओर्फा : सहाच घालते मी. खोटं नाही लिहिलं.

रोडा : कुठला कप, ते नाही लिहिलंत. चर्चच्या जेवणात माझा पाव होता तसा परत यायचा. मिसेस कॉर्कम सगळ्यांसमोर म्हणाल्या, हा दाराला अडसर लावा. तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात.

ओर्फा : बसले होते.

रोडा : इथल्या बायका कृती देताना एखादी गोष्ट गाळतात, हे का मला ठाऊक नाही? मी माझ्या जावेला लोणच्यातली हळद अजून सांगितलेली नाही. पण मी तर तुमच्या घरात आले होते.

ओर्फा : तू आलीस त्याच वर्षी लाइलचे वडील गेले. थोरला लेक दूर अल्बर्टात. आठवड्यातून एकदा हे दार वाजायचं, शनिवारी, लाइल पाव खायला यायचा तेव्हा. तुझा पाव फुलला असता, तर लाइल इथं कशाला आला असता? मला भीती वाटायची.

रोडा : सांगायचं होतंत. मीच पाठवलं असतं त्याला.

ओर्फा : पाठवलेला नको होता गं. आलेला हवा होता.

(किटलीतलं पाणी उकळतं. रोडा उठून आच बंद करते.)

रोडा : मला राग आलाय, आई. पण इतकी दमलेय की तो काढायलाही अंगात बळ नाही. पावातले ओट भिजवते. काकवी किती?

ओर्फा : त्याच कपानं अर्धा. ती जड भरते.

रोडा : एकशे पंचवीस. अर्ध्या कपाचं वजन मैद्याच्या भरल्या कपाहून जास्त. आणि मी सगळं एकाच मापात बघत बसले.

ओर्फा : लिहिलंस? झालं, आता माझं काम संपलं.

रोडा : या शनिवारी जेवायला आमच्याकडे. चारला घ्यायला येते.

ओर्फा : लाइल नाही येणार?

रोडा : मीच येईन. तो पाठवलेला तुम्हाला चालत नाही ना.

ओर्फा : बरं. मग तो कप पिशवीत टाक, जाताना घेऊन जा.

रोडा : नको, डब्यातच राहू दे. खांदा बरा झाला की पुढचे शनिवार इथंच आहेत.