शेवट कधी बघितलाच न्हाय

मी महादेव, गडमुडशिंगीचा. जन्म हितलाच, मरणबी हितंच. आमचा बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर जाळ घालायचा. मालक खाटेवर बसून हुकूम सोडायचा आणि बाप म्होरं हात बांधून उभा, पाय भाजल्यालं, पण बस म्हणून कुणी म्हटलं न्हाय. हे आधी ध्यानात घ्या पावणं, मग सिनेमाचं सांगतो, कारण लोक म्हणत्यात इंग्रजी सिनेमानं सर्जेराव बिघडला, आणि ते साफ खोटं हाय.

सर्जेराव माझा थोरला भाऊ. दोघंबी कोल्हापुरात फौंड्रीत कामाला. सुट्टीदिवशी तीनच्या खेळाला जायचं. एका थेटरात जुनं काळंपांढरं इंग्रजी सिनेमं लागायचं, अमेरिकेतल्या टोळीवाल्यांचं. भाषा कळत नव्हती, पण काय सांगू तुम्हाला, सगळं कळायचं. फाटक्या बुटाचं पोरगं, सगळे त्याला दाराबाहेर उभं करणार, आणि तासाभरात तेच पोरगं तिरकी टोपी घालून मोठ्या खुर्चीत बसल्यालं, आणि ज्यांनी उभं केलंतं तेच आता त्याच्या म्होरं उभं. सर्जेराव माझी मांडी दाबायचा, बघ की, बघ की म्हणायचा. त्याला बंदूक दिसायची न्हाय, खुर्ची दिसायची.

आणि नेमकं तिथंच आम्हाला उठाय लागायचं. साडेचारची बस चुकली की म्हशीची धार चुकली, आणि डेअरीनं दूध घ्यायचं बंद केलं की आई घर डोक्यावर घ्यायची. म्हणून एकाबी सिनेमाचा शेवट आम्ही बघितला न्हाय. बसमधी सर्जेराव स्वतःच शेवट रचून सांगायचा. तो आणखी मोठा हुतो, आईला बंगला बांधतो. मला खरंच वाटायचं.

पुढं त्यानं जुन्या बाजारातनं टोपी आणली. गावातली पोरं म्हणायची, काय साहेब, म्हस कुठं सोडली? हा हसायचा न्हाय. मग एका पुढाऱ्यानं त्याला हेरलं. जागा रिकामी करून घ्यायच्या, कुणाला दमात घ्यायचं, असली कामं. ऑफिसात खुर्ची दिली, खरीखुरी, फिरती. त्या खुर्चीपायी त्यानं लोकांची हाडं मोडली आणि एक दिवस दुसऱ्यांनी त्याची मोडली. कंबरेखाली लुळा पडला. सरकारी दवाखान्यात पडून हुता, पुढारी एकदाबी फिरकला न्हाय, खुर्चीत दुसरा बसलाता. हागण्या-मुतण्याचं भांडं मी धरायचो. मरायच्या आधी मला म्हणाला, म्हाद्या, त्या सिनेमातल्या टोपीवाल्याचं शेवटी काय हुतं रं? आपण बसला उठायचो की. मला ठाऊक नव्हतं.

त्याचा पोरगा विक्रम, माझ्याकडंच वाढला. आता पंचविशीचा, शिकल्याला, नोकरी न्हाय. त्याच पुढाऱ्याच्या पोरानं चौकात विक्रमचा फ्लेक्स लावला, खाली किंग म्हणून लिवलं, आणि निरोप धाडला, संध्याकाळी ऑफिसात बसायला ये. विक्रमच्या मोबाईलात तेच सिनेमं, पण नुसतं तुकडं. टोपी, सिगार, खुर्ची. शेवट तिथंबी न्हाय. आम्हाला निदान म्हस उठवायची, ह्यांना कोण उठवतंय?

म्हटलं, जायच्या आधी एक आख्खा बघू, माझ्यासंगट. त्याचा मोबाईल घिऊन गोठ्याम्होरं बसलो. धारंची वेळ झाली, म्हस वरडाय लागली, उठलो न्हाय. जन्मात पयल्यांदा शेवट बघितला. तो माणूस रस्त्यात पडला, टोपी घरंगळत गटारीला गेली, आणि लोक टोपी ओलांडून आपापल्या वाटंनं गेलं. सर्जेरावाला हाक मारून सांगावं वाटलं.

विक्रम म्हणाला, काका, मेला खरं, पण राजासारखा मेला.

मी दमलोय पावणं. वरडायचं बळ न्हाय. एवढंच म्हटलं, "तुझा बाप न्हाय मेला राजासारखा. भांडं मी धरत हुतो."

विक्रमनं मोबाईल खिशात घातला. मग उठला, धार काढली, किटली गाडीला अडकवली. चौकातनं डावीकडं डेअरी, उजवीकडं ते ऑफिस. मी दारात उभा. गाडी डावीकडं वळली.

पण निरोप अजून येत्यात, आणि नोकरी अजून न्हाय. ती कोण देणार, ते एकदा त्या पुढाऱ्यांना इचारा. मी आता रोज धार झाली की दारात बसतो, गाडी कुठं वळती ते बघत. आज डावीकडं वळली. उद्याचं उद्या. तुमचं भलं हुंदे. जाताना चौकात तो फ्लेक्स बघा, खुर्चीत बसवलंय त्याला. पोरगं अगदी बापावर गेलंय.