एक दिला आन् दोन आनले

...आन् वर मलाच इचारतात, "काय रं, गावाचा फायदाच झाला न्हवं?" फायदा! एक दिला आन् दोन आनले, म्हंजी फायदाच की! अवं, खोंड व्हता का त्यो, एक देऊन दोन गोऱ्हे दावनीला बांधायला? मानूस दिला मानूस! आमचा भैरू दिला! हुतूतूचा गडी! तुमाला सांगतो, पिरंगुटापास्नं पौडापत्तोर कुटंबी जा आन् म्हना, 'भोकरवाडीचा भैरू', तोंडातली चिलीम खाली ठेवायची मानसं. दम घेऊन मधली रेघ वलांडली की... हुतूतूतूतूतू... समोरचे सात गडी कोंबड्यांवानी मागं मागं सरकायचे, एकाला शिवायचा, दुसऱ्याला लाथ लावायचा, आन् रेघंवर परत येऊन असा उभा ऱ्हायाचा जनू इस्तवाला काटक्या आनायला गेला व्हता. त्यो गडी आमच्या पंचांनी उचलून घोटावड्याला दिला. का? तर एक दिला आन् दोन आनले!

पन मी माझं रडगानं गात न्हाई हां. मला काय, चार दिस वाईट वाटलं, मंग भाताची लावनी आली, इसरलो. रडगानं हाय ते गेणबाचं. गेणबा म्हंजी आमचा शेजारी, कुडाला कुड लागून घर. मिशा पांढऱ्या, आवाज असा की ह्यो हितं खोकला तर वरच्या धनगरवाड्यात कुत्री उठत्यात. बायको सगुणाबाई. पोटी मूलबाळ न्हाई. आन् भैरूला आई न्हाई, बाप न्हाई, साथीत दोगं बी गेली, पोरगं चुलीम्होरं रांगत व्हतं तवा. मंग गावानं वाढवलं त्याला. पाळी लावली. आज ह्या घरी भाकर, उद्या त्या घरी. गेणबाच्या घरची पाळी गुरवारची. पन पोरगं बुधवारी बी तितंच घावायचं आन् शुक्रवारी बी तितंच. बाकीच्या घरांनी काय तक्रार केली न्हाई, त्यांचं पीठ वाचलं.

आता हुतूतू खेळायचा भैरू, पन दम कोंडायचा कुनी? गेणबानं! खरं सांगतो! भैरू तिकडं 'हुतूतू' सुरू करायचा आन् हितं गेणबा तोंड मिटून, गाल फुगवून, डोळं वटारून उभा. भैरू परत आला की मंग ह्याचा श्वास सुटायचा. पौडाच्या सामन्याला भैरूनं अशी लांब चढाई केली, अशी लांब केली... की गेणबा धाडकन् आडवा! पानी मारलं, कांदा हुंगवला, सगुणाबाई म्हनती, "धनी! वो धनी!" तर डोळं उघडून पैला सबुद काय? "शिवला का?"

त्याच सामन्यानं घात केला बघा. कारन त्या सामन्यात भैरू एकदा बाद झाला आन् मागं ऱ्हायलेले आमचे सहा गडी... काय सांगू... मानगावच्या... न्हाई, माणच्या लोकांनी ते कनसं खुडल्यावानी खुडले. हरलो. आन् दुसऱ्या दिशी भिवाजी पाटलानं चावडीवर बैठक बलावली. भिवाजी पाटील म्हंजी आमच्या संघाचा कर्ता. बोलायच्या आदी घसा असा खाकरनार की वाटावं आता देवाचंच बोलनं बाहेर पडतंय. "ख्खं... मंडळी! एका खांबावर मांडव ऱ्हात न्हाई. आपल्याला पकड करनारे गडी पायजेत. घोटावड्याच्या कोंडिबाकडं दोन पुतने हायेत, वाल्मीक आन् चिंधू. पाय धरला तर खेकड्यागत, सुटत न्हाई. आन् कोंडिबाला एकच पोरगी. त्याला घरजावई पायजे. चढाईवाला पायजे म्हनतो. मंग काय? भैरू तिकडं, ते दोगं हिकडं! माझ्या घरी ऱ्हातील, माझ्या शेतात राबतील. एक दिला आन् दोन आनले!"

नेम तसा सरळ व्हता बघा, ज्याची चूल ज्या गावात, त्यो गडी त्या गावचा. पन साटंलोटं आमी पोरींचं ऐकलं व्हतं. तुमची आमच्यात, आमची तुमच्यात. हुतूतूच्या गड्यांचं साटंलोटं कुटं ऐकलं व्हतं का तुमी? आमी केलं! बरं, पोराला इचारलं का? इचारलं की! भिवाजी म्हनला, "भैरू, गाव सांगंल ते करशील न्हवं?" भैरू म्हनला, "गाव सांगंल ते." झालं! त्या पोरानं जल्मात कवा न्हाई म्हनलं न्हवतं. घरोघरची भाकर खाऊन जे वाढलं, त्याला 'न्हाई' म्हनायला कोन शिकवनार?

तवा एकटा गेणबा उठला. उठला त्यो ताडकन् उठला, आवाज लावला, "मला पसंत न्हाई!" समदी चावडी हादरली. भिवाजीनं वळून बघितलं आन् लई शांतपनानं इचारलं, "गेणबा, तू त्याचा कोन?"

आता सांगा, काय सांगायचं? बाप न्हाई, चुलता न्हाई, मामा न्हाई. 'गुरवारवाला' म्हनून सांगायचं? भैरू दाराशी उभा, त्याच्याकडं बघत व्हता. गेणबानं मान खाली घातली आन् बसला. ज्याच्या खोकल्यानं कुत्री उठायची, त्या मानसाचा आवाज त्या दिशी घशातच मेला.

मंग पाठवनी! हसू नगा. नवरा पोरगा घरजावई चाललाय, त्याला वाटं लावायचं कसं, ह्याच्यावर बायकांत जुंपली. सारजाबाई म्हनती, "बाप्याची वटी भरत न्हाईत गं!" आमच्या सगुणाबाईनं तिला फटकारलं, "पोरगं सासरी चाललंय, रिकाम्या पदरानं धाडू व्हय?" आन् त्या दांडग्या गड्याच्या धोतराच्या सोग्यात तिनं तांदूळ घातले, नारळ घातला. मांड्या खांबावानी, आन् सोगा धरून उभा ऱ्हायला, नाक लाल. समद्या बायका रडल्या. बापे रडले न्हाईत, बापे नुसते नाक शिंकरत व्हते. आन् गेणबा? गेणबा बाहेर आलाच न्हाई. परड्यात लाकडं फोडत व्हता. दोन पावसाळे पुरंल इतकं सरपन फोडलं बाबानं. भैरू परड्यापत्तोर गेला, थांबला, "आबा, येतो" म्हनला. कुऱ्हाड काय थांबली न्हाई.

आले. ते दोगं आले. वाल्मीक थोरला, चिंधू धाकला. पोरं वाईट न्हवती वो! खाली मान घालून येनार, खाली मान घालून जानार. पन गेणबाला काय चालंना. "ह्याच्या पोटऱ्या बघ, बगळ्याच्या पोटऱ्या!" बरं, बगळ्याच्या तर बगळ्याच्या, पन पकडत व्हती ना! लवळ्याला हरवलं. माणला हरवलं, सूड उगवला! गाव जिंकायला लागलं, आन् तुमाला सांगतो, त्याच्यासारखं दुख न्हाई. हरलो असतो तर म्हनता आलं असतं, बघा, सांगत व्हतो! जिंकल्यावर कुनाच्या नावानं खडं फोडायचं? भिवाजी पाटील मिशीवर हात फिरवत ऐकवायचा, "काय गेणबा? एक दिला आन्..." गेणबा उठून जायचा.

त्यानं शपथ घातली, हुतूतू बघनार न्हाई. आन् बघितला न्हाई! सामन्याला यायचा, जांभळीखाली बसायचा, आन् मैदानाकडं पाठ! समदा गाव तिकडं बघतोय, आन् ह्यो एकटा डोंगराकडं तोंड करून. मधीच मला कोपर मारायचा, "कोन बाद झालं?" म्या म्हनायचं, "तुला बघायचं न्हाई न्हवं?" तर म्हनायचा, "बघायचं न्हाई म्हनलो. ऐकायचं न्हाई म्हनलो का?"

आन् एक दिस निघाला काठी घेऊन खिंडीकडं. म्या इचारलं, "कुटं रं?" "म्हस हरवली." म्हनलं, "गेणबा, तुझ्याकडं म्हसच न्हाई." "म्हनूनच हुडकायला चाललोय!" आन् गेला. खिंडीतनं खाली घोटावड्याचं मैदान दिसतंय. एवढी एवढी मानसं, मुंग्यांवानी. संध्याकाळपत्तोर बसला. परत आल्यावर सगुणाबाईनं नुसतं एवढंच इचारलं, "घावली का म्हस?" ह्यो म्हनला, "घावली. वाळलीया." दोगंबी न जेवता झोपली त्या रातीला.

आन् मंग आली चैताची जत्रा. आमच्या मैदानावर, आमच्या देवाम्होरं, सामना कुनाशी? घोटावड्याशी! ते आले डोक्याला तांबडं फडकं बांधून, आन् त्यात आमचा भैरू. तांबड्या फडक्यात! जत्रंतली पिपानी थांबली बघा. वरडावं का वरडू नये, कुनालाच कळंना. शिवी द्यावी तर आपलाच पोरगा, टाळी द्यावी तर पल्याडचा गडी. भिवाजी पाटील सुदिक घसा खाकरायचा इसरला. गेणबा म्हनला, "मी आज गावाच्या बाजूनं. मैदानाकडं तोंड करून. गाव त्ये गाव!" आन् खरंच तोंड करून बसला.

शेवटची चढाई. दोनी गावं बरोबरीत. भैरू आला. वाकून आमची माती कपाळाला लावली, पैल्यापास्नं लावायचा तशी, आन् हुतूतूतूतू... आमच्या पोरांत शिरला. एक शिवला. परत फिरला आन् चिंधूनं मारला सूर, घोटा धरला! वाल्मीक वरनं पडला! भैरू हात लांबवतोय, रेघ हातभर ऱ्हायली, बोटं माती वरबाडत्यात, दम चाललाय, हुतूतू... हुतूतू... आन् इतक्यात आमच्या बाजूनं आवाज फुटला... कसला आवाज, धनगरवाड्यातली समदी कुत्री उठली आसतील... "सोडा! सोडा रं त्याला! लागंल त्याला!"

गेणबा! मिशा थरथरत व्हत्या, डोळ्यांतनं धारा. समदा गाव त्याच्याकडं वळला. आन् त्याच टायमाला, तुमाला खोटं वाटंल, पन पल्याडनं, घोटावड्याच्या गर्दीतनं, एक म्हातारी उठली आन् पदर कंबराला खोचून किंचाळली, "धरा! वाल्म्या, पाय सोडू नगंस! चिंध्या, माज्या राजा, धर!" समदं घोटावडं तिच्याकडं वळलं. मैदानाकडं बघायला कोनच ऱ्हायलं न्हाई!

दम तुटला. भैरू बाद. आमी जिंकलो. आन् तुमाला सांगतो, घोटावड्याला हरवलं, जत्रंत हरवलं, आन् भोकरवाडीतनं एक टाळी पडली न्हाई. नाचत व्हती फकस्त ती म्हातारी. घोटावड्याची.

भैरू उठला. गुडघा फुटला व्हता. धूळ झाडत गेणबाच्या म्होरं आला, पाया पडला आन् हळूच म्हनला, "आबा, आता कशाला वरडलात? तवा चावडीवर वरडायचं व्हतं." रागानं न्हाई वो म्हनला. रागानं म्हनला आसता तर बरं झालं आसतं. आन् कोंडिबानं हाळी मारली तसा "आलो मामा" म्हनत गेला. गेणबा उभा.

मानसं पांगली. गेणबा गेला त्या म्हातारीकडं. चंद्राबाई तिचं नाव. कोंडिबाच्या मेलेल्या भावाची बायको, वाल्मीक-चिंधूची आई. दिराच्या तुकड्यावर जगनारी, तिला कोन इचारतंय, पोरं देऊ का म्हनून? गेणबा म्हनला, "काय गं बाई, आमच्या बाजूनं वरडतीस?" ती म्हनली, "तुमची बाजू गेली खड्ड्यात. माज्या पोरांच्या बाजूनं वरडले. तुमचा एक गेला तर तुमी मिशा भिजवता. माजे दोन नेलेत, दोन! मी कुनाम्होरं रडू?"

गेणबा मटकन् तिच्याशेजारी खाली बसला. मंग चंद्राबाई म्हनली, "वाल्मीकाला रातचं दही देऊ नगा. छाती भरती त्याची." गेणबा म्हनला, "भैरूला आपनहून वाढत जा. त्यो मागत न्हाई." एवढंच. जत्रंत काय बोलायचं न्हवतं दुसरं.

तवापास्नं आता दर साली सामना व्हतो. कवा आमी जिंकतो, कवा ते. भिवाजी पाटील अजून मिशीवर हात फिरवतो आन् सांगतो, एक दिला आन् दोन आनले. सांगू द्या. पन सामना सुरू झाला की आमचा गेणबा गप उठतो, मैदानाला वळसा घालून तिकडं घोटावड्याच्या गर्दीत जाऊन बसतो, आन् तिकडनं चंद्राबाई काठी टेकत हिकडं येती आन् सगुणाबाईच्या शेजारी बसती. पंचांना कुनी इचारलं न्हाई, बैठक न्हाई, चावडी न्हाई... आन् ह्यो सौदा बघा, अगदी एकास एक झालाय.