कॅमेरा नंबर अकरा, पहिला फोटो

पुरवणी जबाब
ठिकाण : गारगोटी. दिनांक २५/११/२०२५, सकाळी १०.४० वाजता.

नाव : सम्राट पिराजी आरडे. वय : २२ वर्षे. शिक्षण : नववी पास, दहावीच्या वर्गात आठ दिवस. धंदा : मिळेल तो, सध्या ऊस वाहतुकीच्या ट्रकवर क्लीनर. राहणार : मूळ खालची वाडी, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर; सध्या ट्रक थांबेल तिथे.

वर लिहिलेला इसम मी आज आपण होऊन ठाण्यात आलो आहे. मला कुणी बोलावलेलं नाही, कुणी दमदाटी केलेली नाही. हवालदार हंबीरराव साहेब यांच्या समोर बसून सांगतो ते असे की,

सन २०२३ च्या दिवाळीनंतर मी वनविभागाकडे रोजंदारीवर लागलो. त्याआधी कोल्हापुरात रसवंतीवर होतो, त्याआधी गडहिंग्लजला टायरच्या दुकानात, त्याआधी जत्रेतल्या पाळण्याबरोबर निपाणीपर्यंत गेलो होतो. पाळण्याचा या गुन्ह्याशी संबंध नाही असं साहेबांनी सांगितल्यावरून तो भाग सोडतो. कुठेच मी चार महिन्यांच्या वर टिकलो नाही. वनविभागात सोळा महिने टिकलो. आमच्या वनपाल श्रीमती संयोगिता गणपतराव इंगवले, वय ३६ वर्षे, यांच्या हाताखाली मी होतो. त्यांना मी मॅडम म्हणत असे. या जबाबातही मॅडमच म्हणतो.

पहिल्या दिवशी मॅडमनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सम्राट? मग राज्य कुठाय?" मी म्हणालो, "हुडकतोय की." त्या म्हणाल्या, "पायाला भिंगरी हाय न्हवं, मग चल, हितं चालायचंच काम हाय." तेव्हापासून रोज सकाळी हजेरीला त्या "काय सम्राट, राज्य कुठवर आलं?" असं विचारत, आणि मी रोज नवीन गाव सांगत असे. कधी आजरा, कधी बेळगाव. एकदा मी लंडन सांगितलं तेव्हा त्यांनी माझा अर्धा दिवस मांडला. संध्याकाळी खोडून पूर्ण केला.

आमच्या हद्दीत जनावरांचे फोटो काढण्यासाठी झाडांना कॅमेरे बांधलेले होते. समोरून काही हललं की कॅमेरा आपोआप लागोपाठ तीन फोटो काढतो. पंधरा दिवसांनी त्यातलं कार्ड काढून दुसरं घालायचं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. तो नीट लागला का हे बघायला कुणीतरी समोरून जनावरासारखं हातापायांवर चालत जावं लागतं, आणि दुसऱ्याने बाजूला पाटी धरायची, त्यावर खडूने कॅमेऱ्याचा नंबर आणि तारीख. म्हणून प्रत्येक कार्डावरचा पहिला फोटो माणसाचाच असतो. बाकी ठिकाणी हे रांगायचं काम मजुराला देतात. मीही पहिल्यांदा रांगलो होतो, पण फोटोत नुसतं माझं बूड आलं. मॅडम म्हणाल्या, "ह्यापेक्षा गवा बरा दिसतो." तेव्हापासून त्या स्वतः रांगत. मी एकदा म्हणालो, "मॅडम, तुम्ही साहेब माणूस, कपडे खराब हुतील." तर म्हणाल्या, "रांगायचं काम मजुरानंच करायचं असं कुठल्या जीआरमध्ये लिहिलंय, दाखव."

दिनांक २०/०२/२०२५ रोजी सकाळी ९.१५ च्या सुमारास आम्ही जंगलातल्या पाण्याच्या टाक्याजवळच्या कॅमेरा नंबर अकरामध्ये नवीन कार्ड घातलं. पाटी माझ्या हातात होती. मॅडम हातापायांवर निघाल्या. मी म्हणालो, "मॅडम, शेपूट ऱ्हायली." कॅमेऱ्याने तीन फोटो काढले. पहिल्यात मॅडम जमिनीवर आहेत, टोपी डोक्यावरून पडलेली आहे, त्या कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघतात आणि हसतात. कडेला अर्धी पाटी आणि माझी दोन बोटं आहेत. दुसऱ्यात त्यांचा खांदा आणि उचललेला हात दिसतो, त्यांनी मूठभर धूळ माझ्या अंगावर फेकली होती. तिसऱ्यात माणूस नाही. नुसती धूळ आहे.

दिनांक ०६/०३/२०२५ रोजी सकाळी १०.५२ वाजता मॅडमनी ते कार्ड काढलं. त्याच्यावरचा शेवटचा फोटो त्यांच्या तळहाताचा आहे, कॅमेऱ्याचं झाकण उघडायला हात आला तेव्हाचा. कार्डांची डबी जीपमध्ये राहिली होती. त्यांनी कार्ड माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, "संध्याकाळी ऑफिसात बघू काय काय आलंय. हरवलंस तर तुलाच झाडाला बांधीन." मी ते माझ्या एसटीच्या पासच्या कव्हरमध्ये ठेवलं. तो पास संपलेला होता, पण कव्हर चांगलं होतं.

त्यानंतर आम्ही उतारावरच्या तपासणी नाक्यावर आलो. १२.३० वाजता वरच्या वनरक्षकाचा फोन आला की पांढरी पिकअप हात केला तरी न थांबता खाली येत आहे, मागे ताडपत्रीखाली शिकार असल्याचा संशय आहे. मॅडमनी नाक्याचा बांबू आडवा केला आणि त्या बांबूच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "बाटली भरून आण, घसा सुकलाय." मी चाळीस पावलांवर झऱ्याला होतो. १२.४० वाजता पिकअपने त्यांना धडक दिली. याबद्दल मी त्याच दिवशी जबाब दिलेला आहे. त्यात काही बदल नाही. तो भाग पुन्हा विचारू नये अशी विनंती केल्यावरून साहेबांनी विचारला नाही. दवाखान्यात नेताना गाडीत मी त्यांच्या पायाशी बसलो होतो. त्यांची टोपी माझ्याकडे होती. ती मी त्याच दिवशी जमा केली. भरलेली बाटली कुठे राहिली ते मला सांगता येत नाही.

कार्ड मी जमा केलं नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वनविभागाच्या रजिस्टरला ते गहाळ लिहिलं आहे असं समजलं. ते गहाळ नव्हतं, माझ्याकडे होतं.

दिनांक १८/०३/२०२५ रोजी गारगोटीत शोकसभा झाली. मॅडमचा मोठा बोर्ड लावला होता, त्यावर त्यांच्या आयकार्डावरचा फोटो. मॅडमची आई तानाबाई, ज्यांना गावात आक्का म्हणतात, त्या पहिल्या रांगेत होत्या. हार घालायला उठल्या त्या बोर्डासमोर उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "ह्यो कोन फौजदार उभा केलाय? माझी पोरगी अशी व्हट मिटून कवा बसली व्हती?" कुणीतरी सांगितलं, "आक्का, आयकार्डाचा हाय त्यो." आक्का म्हणाल्या, "व्हय रं, पर हासतानाचा एकबी न्हाय कुनाकडं? जंगलात एवढं फोटू काढतासा तुम्ही, माझ्या लेकीचा एक न्हाय?" मी त्यांच्या मागे दोन रांगा सोडून उभा होतो. कार्ड माझ्या खिशात होतं.

साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, मी ते तेव्हा दिलं नाही कारण दिल्यावर ते मला परत मिळालं नसतं. दुसरं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी मी काम सोडलं. नंतर कुठे कुठे होतो ते सगळं सांगायला लागलो तर कागद पुरणार नाहीत असं साहेब म्हणाले, म्हणून थोडक्यात सांगतो. माझ्याकडे बटणाचा मोबाईल आहे, त्यात कार्ड बसत नाही. म्हणून ज्या गावाला जाईन तिथे मी मोबाईलच्या दुकानात शिरायचो आणि म्हणायचो, "कार्ड चालतंय का बघा की जरा." दुकानदार कार्ड मशीनला लावून पहिला फोटो उघडायचा. मी बघायचो. तो "चालतंय" म्हणायचा, मी कार्ड घेऊन बाहेर पडायचो. असं मी गारगोटीला स्टँडजवळ दोनदा केलं, कोल्हापुरात पाच वेळा, बाकी गडहिंग्लज आणि वाटेतली गावं धरून एकूण अकरा वेळा. राजारामपुरीत एका दुकानात बाई होत्या. त्यांनी विचारलं, "ही कोण? बहीण काय?" मी व्हय म्हणालो. ते खोटं होतं. त्या म्हणाल्या, "लई खेळकर दिसते." मी म्हणालो, "हाय." हेही लिहून घ्यावं.

पहिल्या फोटोच्या पुढे मी कधी गेलो नाही. पुढे गवे असणार, सांबर असणार, असं मला वाटत होतं. आणि एकेक करून पुढे गेलं की शेवटी तो हात येतो, हे मला माहीत होतं. पहिल्याच दुकानात दुकानदाराने चुकून आधी शेवटचा फोटो उघडला होता, तेव्हा तो मी बघितला होता.

पिकअपच्या चालकाने आणि त्याच्या जोडीदाराने आपण या भागात पहिल्यांदाच आलो, रस्ता नवखा होता, उतारावर ब्रेक लागला नाही, असं सांगितल्याचं मी ऐकून होतो. ते जामिनावर सुटल्याचंही ऐकलं. ऐकून मी ट्रकच्या टपावर जाऊन झोपलो.

दिनांक २२/११/२०२५ रोजी दुपारी ३ च्या सुमारास आमचा ट्रक गडहिंग्लजला कारखान्याच्या रांगेत उभा होता. नंबर लागायला वेळ होता म्हणून मी बाजारपेठेत गेलो. तिथे एका दुकानात धवल नावाचा माझ्याच वयाचा पोरगा होता. त्याने पहिला फोटो उघडला आणि म्हणाला, "आयला, जंगलातलं कार्ड हाय व्हय! पावणं, गवा बिवा घावलाय का न्हाय ह्यात?" मी म्हणालो, "बास, चालतंय न्हवं, दे इकडं." तो म्हणाला, "थांबा की लगा, काय फोटू झिजत्यात व्हय?" आणि तो बटण दाबत गेला. गवे आले. साळिंदर आलं. सांबराचं पिल्लू आलं, त्याचं नाक कॅमेऱ्याला लागलेलं होतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. हे मॅडमना बघायचं होतं.

मग धवल म्हणाला, "ही कोन माणसं?"

फोटोवर तारीख ०३/०३/२०२५ आणि वेळ दुपारी ४.१० अशी होती. म्हणजे घटनेच्या आधी तीन दिवस. दोन इसम टाक्याच्या वाटेने येतात. पुढच्याच्या खांद्यावर वायरच्या फाशांचं वेटोळं आहे. मागच्याच्या हातात बंदूक आहे. पुढच्याच्या अंगात निळा कबड्डीचा बनियन आहे, छातीवर सात नंबर. त्याचं तोंड सरळ कॅमेऱ्यात आहे. तो पिकअपचा चालक आहे. नाक्यावर धडक दिल्यानंतर पिकअप बांबूत अडकली होती, चालक खाली उतरून पळाला, तेव्हा तोच बनियन त्याच्या अंगात होता आणि झऱ्यावरून धावत येताना मी त्याला दहा पावलांवरून पाहिलं आहे. जोडीदारही तोच आहे. ते दोघे या भागात पहिल्यांदा आले नव्हते.

मी धवलला मॅडम कोण होत्या ते सांगितलं. तो खुर्चीवरून उठला. तो पहिल्या फोटोची कॉपी काढून देत होता, पण त्याचे वडील गल्ल्यावर होते, ते म्हणाले, "हात लावू नगंस त्याला. उद्या त्यांचा वकील म्हणंल तुम्हीच काय बाय घुसडलंय. पोरा, असंच उचल आणि ठाण्यात जा." मी विचारलं, "मग परत मिळंल का?" ते म्हणाले, "ते मला काय म्हायती? पण त्या माणसांनी ती बाई मारलीया आणि तू तिचा फोटू खिशात घालून फिरालाईस."

त्यानंतर तीन दिवस मी आलो नाही. साहेबांनी त्याचं कारण विचारलं. पहिल्या दिवशी ट्रक खाली व्हायचा होता. दुसऱ्या दिवशी मी गारगोटीच्या गाडीत बसलो आणि मधेच उतरलो. तिसऱ्या दिवशीही तसंच. आज उतरलो नाही.

आज सकाळी ११.३० वाजता दोन पंचांसमोर साहेबांनी कार्ड संगणकाला लावून पाहिलं आणि फोटोंचं टिपण केलं. पहिला फोटो आला तेव्हा साहेबांनी तो लगेच पुढे सरकवला नाही. मी तो बाराव्यांदा पाहिला. नंतर कार्ड पाकिटात घालून लाखेने बंद केलं, त्यावर पंचांच्या आणि माझ्या सह्या झाल्या. पासचं कव्हर मला परत मिळालं आहे.

मी कार्ड आधी दिलं असतं तर आरोपींना जामीन मिळाला नसता का, असं मी साहेबांना विचारलं. साहेबांनी प्रश्न तसाच लिहून घेतला.

माझी विनंती आहे की, कोर्टाचं काम संपल्यावर पहिला फोटो मॅडमची आई तानाबाई गणपतराव इंगवले यांना द्यावा. मला नको. कोर्टाने बोलावलं तर मी येईन. पत्ता कुठला लिहायचा असं साहेबांनी विचारल्यावरून, आक्कांच्या घरचा लिहावा. इथून मी तिकडेच जाणार आहे. फोटो आहे, तो असा आहे, हे त्यांना सांगायचं आहे.

लिहून झाल्यावर साहेबांनी हे सगळं मोठ्याने वाचलं आणि मी कान देऊन ऐकलं. मी बोललो तसंच उतरलं आहे. फक्त एका जागी मी थांबवलं. टिपणात फोटो क्रमांक एकपुढे "गणवेशातील महिला कर्मचारी हातापायांवर चालताना दिसते" एवढंच होतं. "चालताना" च्या आधी "हसत" घालावं असं मी म्हणालो. साहेब म्हणाले, "त्यानं केसला काय फरक पडतोय?" मी म्हणालो, "केसला न्हाय पडत." साहेबांनी खूण करून तो शब्द वर लिहिला आणि बाजूला सही केली.

आता बरोबर आहे.